पहिल्या दिवशी मास्तर स्वतः चालवतात

"ताई, तुम्ही दिसता तशा नाही हं," विमा कचेरीतली बाई संगणकाकडे बघत म्हणाली.

मी हसले. वयाबद्दल बोलत असेल असं वाटलं. आठ वर्षं प्रयोगशाळेच्या तळघरात काढल्यावर मला घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचं काम मिळणार होतं. अट एकच होती: गाडी स्वतःची हवी आणि सोमवारपर्यंत तिचा या कामासाठीचा विमा हवा.

"तुमचं नाव धोकादायक चालकांत आहे. चौदा महिन्यांत तीनदा लाल सिग्नल तोडलाय. साधा विमा नाही मिळायचा. गाडीत यंत्र बसवावं लागेल. वेग, ब्रेक, सगळं आम्हाला कळतं. हप्ताही तिप्पट."

"चूक झाली असेल. दुसरं कोणी असेल."

तिने संगणक माझ्याकडे वळवला. लायसन्सचा नंबर मी एकेक आकडा धरून जुळवला. माझाच होता. तिन्ही तारखा कामाच्या दिवसांच्या, वेळ सकाळी अकराच्या आसपासची. त्या वेळी मी तळघरात असते.

"आणि हा तुमचा कबुलीजबाब," ती म्हणाली.

'गाडी मी चालवत होते.' खाली सही माझी, खरीखुरी. वरची अक्षरं मात्र सरळ, ठसठशीत, फळ्यावर लिहिल्यासारखी. बाबांची.

बाबा गाडी शिकवतात. तीस वर्षं सगळे त्यांना मास्तर म्हणतात. कर्ज माझ्या पगारावर मिळालं म्हणून क्लासची गाडी माझ्या नावावर आहे आणि कागदांवर सही माझी लागते. मी पहाटे निघते, त्यामुळे चहा पिताना मी दहा-दहा कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेवायची. प्रयोगशाळेत दोनदा वाचल्याशिवाय मी नळीला चिठ्ठी लावत नाही.

एक सिग्नल तोडला तरी मास्तरांचा शिकवायचा परवाना जातो. म्हणून माझं नाव. राग आला, पण कारण सापडल्यामुळे जरा हलकंही वाटलं.

"फोटो बघायचेत?" तिने विचारलं.

तीन फोटो होते. तिन्हींत बाबा चालवत होते आणि शेजारच्या सीटवर शिकाऊ. नवीन माणसाला पहिल्या दिवशी बाबा स्वतः चालवून दाखवतात. फोटोखाली वेग छापलेला होता: बावीस, एकोणीस, चोवीस. सिग्नल चुकवणारा माणूस वेग वाढवतो. बाबांनी वाढवला नव्हता.

तिसऱ्या फोटोत बोनेटला खेटून एक बाई होती. एका हाताने तिने लहान मूल मागे ओढलं होतं, दुसरा हात बोनेटवर टेकला होता. शिकाऊ मुलीने तोंडावर दोन्ही हात धरले होते. बाबा शांतपणे समोर बघत होते. त्यांचं तोंड उघडं होतं. ते शिकवत होते.

त्या फोटोची प्रत आणि चालकाचं नाव दुरुस्त करायचा फॉर्म घेऊन मी घरी आले. पाचला दहा मिनिटं कमी होती.

"काय शास्त्रज्ञबाई, झाला का विमा?" बाबा टेबलाशी बसले होते.

मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी मान तिरकी करून तो कानाजवळ, डोळ्याच्या कोपऱ्यासमोर धरला. वर्षभर मी ही तिरकी मान बघत होते. मान आखडलीय असं ते सांगायचे आणि मी तेल चोळून द्यायची.

"यात काय दिसतंय, बाबा?"

"आपली गाडी."

"आणखी?"

बराच वेळ ते फोटो इकडेतिकडे सरकवत राहिले. "चौक. रिकामा."

"गाडीसमोर बाई आहे. तिच्या हाताशी मूल आहे."

फोटो त्यांच्या हातातून टेबलावर पडला. "लागलं का त्यांना?"

"नाही."

"मला वाटलं, कोणीतरी मस्तीत बोनेटवर हात मारला."

मी खुर्ची ओढून बसले.

"मधलं दिसत नाही," ते म्हणाले. "कडेचं दिसतं. रस्ता मला पाठ आहे गं. नोटीस आली की वाटायचं, हे शेवटचं."

"पुढचा क्लास कधी आहे?"

"पाचला. नवीन पोरगी आहे. पहिलाच दिवस."

गाडीची किल्ली त्यांच्या खिशात होती. मी हात पुढे केला. त्यांना तो दिसला नाही. मी स्वतःच खिशातून किल्ली काढून घेतली. त्यांनी अडवलं नाही.

मग मी फॉर्म उघडला आणि तिन्ही तारखांपुढे बाबांचं नाव लिहिलं. खाली लिहिलं की सह्या माझ्याच आहेत, कोऱ्या फॉर्मवर केलेल्या, आणि चालकाची नजर गेली आहे. लिहिताना मी प्रत्येक शब्द मोठ्याने वाचला, त्यांना कळावं म्हणून.

"खोट्या कबुलीबद्दल तुलाही धरतील," बाबा म्हणाले. "सोमवारचं काम गेलं समज."

"समजलं."

"थोडं थांबली असतीस तर मीच बंद केलं असतं."

"किती थांबायचं होतं, बाबा?"

बेल वाजली. मी दार पूर्ण उघडलं. दारात अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी उभी होती, हातात नवीकोरी वही. बाबांची खुर्ची दाराच्या अगदी समोर, चार पावलांवर होती. त्यांनी मान वर केली आणि सरळ तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"कोण आलंय गं?" त्यांनी मला विचारलं.

मुलीने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि एक पाऊल मागे सरकली.