घोडागाडी अडवणारा दरवाजा

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. नॉर्थ कॅरोलायनात, कॅरी गावाबाहेरच्या एका जंगलवाटेच्या तोंडाशी मी उभा असतो. मित्रांनो, माझ्यामुळे जे घडलं ते सांगताना मला आजही शरम वाटते.

२००३ साली लोक पिकअप घेऊन जंगलात कचरा टाकू लागले, म्हणून शेजारच्या वसाहतीच्या कमिटीनं मला बसवून घेतलं. कमिटीचे सेक्रेटरी विवेककाका, मूळचे पुण्याचे. त्यांनी माझ्या बाजूला फट ठेवली, पायी माणूस आणि घोडेस्वार जाईल एवढी. "काय सॉलिड झालाय!" म्हणत सगळ्यांनी मला थोपटलं. मी अगदी फुगून गेलो. या वाटेनं पूर्वीपासून घोडागाड्याही जातात, हे ना काकांनी कुणाला विचारलं, ना मला ठाऊक होतं.

पहिल्याच शनिवारी सकाळी प्रीता आली. इथेच जन्मलेली, लहानपणापासून घोड्यावर बसणारी मुलगी. पण एकदा पडून तिचं कंबरेचं हाड मोडलं आणि खोगीर कायमचं सुटलं. मग ती दोन चाकांची छोटी गाडी हाकायला शिकली. जिंजर नावाची तांबडी घोडी गाडीला जुंपलेली होती आणि प्रीताशेजारी तिची आई, सीमामावशी, बसली होती.

मावशींनी उतरून फट हातांनी मापली. "अगं, घोडी जाईल, गाडी नाही जायची."

फोन केल्यावर विवेककाका आले.

"सॉरी प्रीता, हॉर्स अलाउड आहे, गाडी नाही. एकाला सोडलं की सगळेच मागतील."

"काका, आय कान्ट राइड एनीमोर. मी अशीच जाऊ शकते."

काकांनी नजर चुकवली. "रूल म्हणजे रूल, बेटा."

वाट अरुंद होती. गाडी वळवताना चाक चरात गेलं, गाडी कलंडली. बिचकलेली जिंजर माझ्यावर आदळली आणि माझ्या कडीच्या टोकानं तिचा खांदा फाटला. प्रीता गवतावर फेकली गेली, तरी तिनं लगाम सोडला नाही. "ईझी, गर्ल, ईझी," म्हणत राहिली. माझ्या नव्या रंगावरून रक्त ओघळत होतं.

गाडी पुढे ओढायला जागा हवी होती. तेव्हा काकांनी मला उघडलं. किल्ली सबंध वेळ त्यांच्या खिशातच होती.

"आता उघडलंत?" सीमामावशी एवढंच म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात सभा झाली. फिरायला येणाऱ्यांच्या बोलण्यातून मला कळलं, की काका सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "गाड्यांचा हक्क आधीपासून होता. मी विचारलंच नाही. चूक माझी." मग मला आकड्यांचं कुलूप लागलं आणि घोडागाडी हाकणाऱ्या प्रत्येकाला त्याचा नंबर मिळाला.

आता २००८ साल आहे. माझा रंग उडालाय, बिजागऱ्या कुरकुरतात. जिंजरचा खांदा केव्हाच भरून आला. प्रीता दर शनिवारी येते. काका आधीच येऊन मला उघडून धरतात.

मित्रांनो, वाट अडवण्याआधी तिच्यावरून कोण कोण जातं, ते जरूर विचारा. मी सताड उघडा असतो, तरी जिंजर दहा पावलं अलीकडे थांबते आणि कान मागे टाकते. प्रीता चाबूक उचलत नाही. घोडीचं मन होईपर्यंत ती बसून राहते.