लिस्बनचं मावंदं

मार्गशीर्षातलं ऊन रेवदंड्याच्या वाड्यांत थेट उतरत नाही. आधी ते माडांच्या झावळ्यांत अडकतं, मग पोफळींच्या शेंड्यांवरून निथळतं, मिरवेलीच्या पानापानांतून झिरपतं, आणि जमिनीवर पोचेपर्यंत त्याचा हरितसुवर्ण, शीतलस्निग्ध, दवगंधी उजेड झालेला असतो. त्या उजेडात पाटाचं पाणी हसतं, जास्वंद लाजते, शेवाळलेली विहीरसुद्धा तरुण दिसते. काय सांगावी त्या उजेडाची माया! दोन म्हाताऱ्यांची भांडणंही त्यात गोड वाटतात.

भांडण असं नव्हतंच म्हणा. भांडण असतं तर बरं झालं असतं. राऊतांच्या वाडीतल्या त्या दोघी जावा, थोरली हेमलता आणि धाकटी कुमुद, उभा जन्म एकमेकींशी यथेच्छ भांडल्या होत्या, आणि त्या भांडणावरच संसाराची वेल मांडवभर चढली होती. आता मात्र घरात शांतता होती. शुभ्र, सुतकी, सोसवेना अशी शांतता.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही गेलेले. मुलं परगावी. उरल्या या दोघी, एक लांबरुंद पडवी, आणि सोलायला सुपाऱ्यांचा ढीग. सुपारी सोलताना हात गुंततात, जीभ मोकळी राहते. त्या मोकळ्या जिभांनी त्यांनी तिथे बसल्या बसल्या जग वाटून घेतलं होतं.

कुमुदला हवं होतं व्हेनिस. पाण्यात बांधलेलं गाव असतं तरी कसं, हे तिला एकदा बघायचं होतं. हेमलताला हवं होतं लिस्बन. का, तर गावाला कवेत घेऊन उभा असलेला तो सागरश्यामल, लवणजर्जर कोट ज्यांनी बांधला, ते फिरंगी लिस्बनहून आलेले. “पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दारात राहून गेले मेले,” ती म्हणायची. “आपण एकदा तरी त्यांच्या दारात जायला नको? परतभेट म्हणून काही असते की नाही?” आणि इस्तंबूल दोघींचं, वाडीतल्या विहिरीसारखं सामाईक.

सहल ठरली. तिकिटं आली, लोकरी मोजे आले, भाजणीच्या चकल्या डब्यात बसल्या. आणि ऐन वेळी हेमलताच्या हृदयानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, विमान नाही, चढ नाही, दगदग नाही. “मग मीही नाही,” कुमुद म्हणाली.

“तू जाशील,” हेमलता म्हणाली. “जाशील, डोळे भरून बघशील, आणि येऊन मला सगळं सांगशील. एक गल्लीसुद्धा गाळायची नाही, सांगून ठेवते.” तेवढी एकच तिची मागणी होती. त्या मागणीवर ती अंथरुणात पडून राहिली, औषधं गिळत राहिली, वाट बघत राहिली.

कुमुद गेली, आणि आली. आली ती गप्प.

“कसं होतं गं लिस्बन?”

“होतं आपलं. शहरं ती शहरं, वहिनी. इथून तिथून सारखीच.”

“आणि व्हेनिस?”

“ओल फार.”

झालं! एवढ्यासाठी का बाई सातासमुद्रापार गेली होती? पण कुमुदच्या आत काय चाललं होतं ते तिचं तिलाच ठाऊक. तिथे घुमट होते, घंटा होत्या, नील-नारिंगी संध्याकाळी होत्या. तीनही शहरं तिच्या छातीत उधाणली होती. पण समोर खाटेवर टेकून बसलेली, चार पावलं चालली तरी धापा टाकणारी वहिनी दिसली की ती विषय बदलायची. जिला जाता आलं नाही तिच्यापुढे कसलं वर्णन करायचं? जखमेवर मीठच ते. वेडी माया, दुसरं काय! मायेपोटीच तिनं वहिनीला उपाशी ठेवलं. आणि हेमलताला वाटलं, मी जळेन अशी हिला भीती वाटते. ते तिच्या फार जिव्हारी लागलं.

पण हेमलता राऊत गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. एका सकाळी तिनं जाहीर करून टाकलं, रविवारी आपल्याकडे मावंदं.

काशीहून माणूस सुखरूप परतलं की त्याच्या घरी मावंद्याचं जेवण होतं. चार आप्त, चार शेजारी येतात, परतलेल्याचे पाय धुतात, कारण त्या पायांना तीर्थाची धूळ लागलेली असते. आणि तो यात्रेचं सगळं सांगतो. सांगावंच लागतं. शेजारची वासंती ऐकून कपाळाला हात लावून म्हणाली, “अगो बाई, मावंदं काशीचं घालतात. लिस्बनात कुठला देव ठेवलाय?”

“देव असेल नसेल,” हेमलता म्हणाली. “माझं जायचं राहिलंय ना तिथे? मग ते माझं तीर्थच.”

रविवारी पडवी सारवली गेली. ओल्या शेणाचा, ओल्या नारळाचा, वालाच्या बिरड्याचा वास पोफळींपर्यंत दरवळला. कवडशांची नक्षी अंगणभर हलत होती, आणि रंगीत लुगड्यांच्या, हसऱ्या चेहऱ्यांच्या बायका भिंतीला टेकून ओळीनं बसल्या होत्या. कुमुद पाटावर अवघडून बसली. वासंतीनं तिला कुंकू लावलं. मग परात पुढे सरकवून, खांबाचा आधार घेत घेत, हेमलता तिच्यासमोर खाली बसली.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. थोरल्या जावेनं धाकटीचे पाय धुवायचे?

“वहिनी! मला पापात घालता का? उठा आधी!” कुमुदनं पाय पोटाशी ओढून घेतले.

“पाय पुढे करा, जाऊबाई.” हेमलता रागावली की आदर देत असे, हे सगळ्यांना माहीत होतं. “काशीला गेलेली बाई येताना धूळ तरी घेऊन येते. तुम्ही माझं गाव बघून आलात, आणि उंबऱ्याबाहेर पाय झटकून आत शिरलात. का, तर मला हेवा वाटेल? अगं, हेवा वाटला असता तर पाठवलं असतं का तुला? मला किती दिवस आहेत ते मला ठाऊक नाही. पण जे आहेत ते ‘ओल फार’ ऐकत काढायचे नाहीत मला!”

कुमुदचा बांध फुटला. पदरानं नाक पुसत, हुंदक्याहुंदक्यांतून ती बोलायला लागली.

“कसं सांगू हो, वहिनी? बसमध्ये शेजारच्या खुर्चीवर मी शाल टाकून ठेवायची. कुणी बसायला आलं की सांगायची, इथे आमच्या वहिनी आहेत. सगळे हसायचे मला. आणि लिस्बनात एक म्हातारी दारात शेगडी मांडून तारल्या भाजत होती. आपल्याच तारल्या, तोच मासळीचा वास! मी वळून मोठ्यानं म्हटलं, वहिनी, बघा हो! तर मागे कुणीच नाही. त्या म्हातारीनंच मान डोलावली बिचारीनं. मग तिच्या पायरीवर बसून मी रडले, आणि तिनं पावावर ठेवून एक तारली मला दिली. हे सांगितलं असतं तर तुम्ही रडला असता.”

“मग रडले असते!” हेमलता म्हणाली. तिचे डोळे केव्हाच भरले होते. “रडायला काय डॉक्टरांनी मनाई केलीय?”

बायका डोळे पुसता पुसता हसल्या. कुमुदनं मुकाट्यानं पाय परातीत ठेवले. आणि मग शहरं आली.

आधी इस्तंबूल आलं. मेघधूसर घुमटांचं, गगनरेख मिनारांचं, चिमुकल्या पेल्यांतल्या माणिकरंगी चहाचं, दोन खंडांमध्ये दिवसभर येरझाऱ्या घालणाऱ्या होड्यांचं. “आणि मांजरं हो, वहिनी! दुकानाच्या गल्ल्यावर मांजर, मशिदीच्या पायरीवर मांजर, आणि हाकलत कुणी नाही.”

“मग मासळी कशी राखतात?” हेमलतानं पायांवर पाणी घालत विचारलं. प्रश्न रास्त होता.

मग व्हेनिस आलं. उंबऱ्याशी लाटा, दाराशी भाजीची होडी, खिडकीखिडकीत वाळत घातलेले सदरे, आणि भिंतींवर जलप्रकाशाची अखंड, अस्फुट, अलगद थरथर. ओल होतीच. पण ती गुलाबी ओल होती, जुन्या वैभवाची, जुन्या गाण्यांची ओल. पाय धुऊन झाले तरी हेमलताचा ओला हात कुमुदच्या पावलावर तसाच राहिला होता.

लिस्बन तिनं शेवटी ठेवलं होतं.

“नदीपासून गल्ली वर चढते, वहिनी. पायऱ्याच पायऱ्या. भिंतींना निळ्या-पांढऱ्या फरश्या, फरश्यांवर गलबतं, फुलं, पाखरं. एक वळण येतं, तिथे लिंबाचं झाड. मग दुसरं वळण, तिथे कुणीतरी आत गातंय. मग आणखी वर…” तिच्या आवाजाला वेग आला. जिथून सगळी तांबूस कौलं आणि ती विशाल, विश्रब्ध, रजतवर्णी नदी एकदम दिसते, तिथे वहिनीला नेऊन उभं करण्याची तिला घाई झाली होती.

“हळू गं,” हेमलता म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते, एक हात छातीवर होता. “एवढ्या भराभर चढू नकोस. मला धाप लागते.”

बायका चपापल्या. वासंती पाणी आणायला उठली. पण कुमुदनं वहिनीचा चेहरा नीट पाहिला, तर त्यावर दुखणं नव्हतंच. तिथे ऊन होतं, चढ होता, परक्या गावाचं अपार कुतूहल होतं. वहिनी तिच्या मागोमाग गल्ली चढत होती.

कुमुद पाटावरून खाली उतरली.

“बसू या का जरा?” तिनं हळूच विचारलं. “इथेच. पायरी चांगली रुंद आहे.”

“बसू या,” हेमलता म्हणाली, आणि डोळे न उघडताच थोडी सरकून तिनं धाकटीला जागा करून दिली. खाली नदी संथ वाहत होती, कौलांवर केशरी संध्याकाळ उतरत होती, कुठल्याशा घरात कुणीतरी गात होतं; आणि दिवसभर उन्हानं तापलेल्या त्या दगडी पायरीवर दोघी जावा टेकल्या, शेजारी शेजारी, श्वास पुरता खाली बसेपर्यंत.