गुलाम रसूलचं लाल तोंड

गुलाम रसूल आलापल्लीचा सुतार. सागाची दारं करायचा आणि भामरागडकडच्या गावांत नेऊन बसवायचा. एका चैत्रात तो तिकडून परतला तो तोंड लालबुंद, डोळे पाणावलेले आणि सारखा संडासाकडे धावणारा. चैत्रात तिकडे मोहफुलं पडतात, घरोघरी त्यांची दारू गाळतात. असलं तोंड घेऊन आलेल्या माणसाला काय होतंय, हे आलापल्लीत कुणी विचारत नाही. त्याच्या बायकोनं, जाहिदानंही विचारलं नाही. तिनं तोंडाचा वास घेतला.

वास आला नाही. मग लवंग चघळून आला म्हणाली. बाईनं एकदा ठरवलं की ठरवलं! प्यायलो नाही म्हणून त्यानं पोरीची, इकराची शपथ घेतली, तर बेवडे पोटच्या पोरीचीही खोटी शपथ घेतात म्हणून हिनं अख्खा मोहल्ला गोळा केला. पुढे जुम्म्याच्या नमाजाला त्याच्या शेजारी उभं राहायला कुणी तयार होईना. बल्लारपूरहून इकराला बघायला पाहुणे आले, त्यांच्यासमोर बसल्या बसल्या तो लाल झाला. पाहुणे उठून गेले. जाहिदानं त्याच्या पुढचं ताट उचललं आणि अंगणात कोंबड्यांपुढे ठेवलं.

माणूस हाडांवर आला, अंगणात कोसळला, तेव्हा कुठे नागपूरचा दवाखाना दिसला.

डॉक्टरनं तिला समजावून सांगितलं. गाठ आतड्यात होती, कितीतरी वर्षांची. ती एक रस सोडते, पण यकृत तो मारून टाकतं, म्हणून बाहेर काही कळत नाही. गाठीचं बी यकृतातच रुजलं की मारणारं कुणी उरत नाही. रस थेट रक्तात उतरतो आणि तोंड लाल होतं.

जाहिदानं विचारलं, "म्हंजे मी तोंडाचा वास घेतला, तवा?"

"तेव्हाच उशीर झाला होता," डॉक्टर म्हणाला.

इंजेक्शन सुरू झालं. गाठीच्या अंगाला कड्या असतात, औषध त्यांना कुलूप घालतं, असं डॉक्टरनं सुताराला सुताराच्या भाषेत सांगितलं. काही महिने तोंड स्वच्छ राहिलं. जाहिदा स्वतःच्या हातानं त्याला भरवू लागली. मग लाली परतली. नव्या वाढलेल्या गाठींना कड्याच नव्हत्या, कुलूप लावणार कशाला? वर डॉक्टर म्हणाला, काही घरांत हे बापाकडून लेकरात उतरतं, पोरीलाही आणून दाखवा.

घरी आल्यावर जाहिदा रडली. मोहल्ल्यात दारोदार जाऊन सांगते म्हणाली, की मीच खोटी होते, माझीच जीभ झडो.

गुलाम रसूलनं तिचा हात धरला. "सांगू नोको. बेवड्याच्या पोरीले आज ना उद्या स्थळ येते. असा रोग असलेल्या घरची पोरगी कोणी नाई करत. मले बेवडाच राहू दे."

"अन् इकराले तरी सांगू?"

"तिले तं बिलकुल नाई. नागपूरले बी नेऊ नोको, बोभाटा होईल."

तो गेला तेव्हा घर बायकांनी भरलं. शेजारची नाहीद हळूच म्हणाली, शेवटी दारूच नडली ना? सगळ्याजणी जाहिदाकडे बघू लागल्या.

"हो," ती म्हणाली. "सुटलीच नाई त्याईची."

भिंतीला टेकून इकरा बसली होती. रडून रडून तिचं तोंड लाल झालं होतं. तिनं मान वर केली.

"म्हंजे अब्बानं माही शपथ खोटीच घेतली होती."

जाहिदानं पदर तोंडात कोंबला आणि मान हलवली, हो.