गाडीचा कौल

विनीतने गाडीचा मागचा दरवाजा उचलला तेव्हा नंदाताई हातातलं भाजीचं ताट विसरल्या. नुसती डिकी उघडली नव्हती. वरची उतरती काचसुद्धा दरवाजाबरोबर अलगद वर गेली आणि आत एक छोटी खोलीच दिसली.

"डिकी नव्हे काकू, हॅचबॅक," शेजारचा विनीत म्हणाला. नोकरीसाठी तो परदेशी चालला होता, म्हणून वापरलेली गाडी विकायची होती. "साहेबलोकांची गाडी. दिसायला ऐटबाज, आणि पोटात कपाट मावेल."

नंदाताईंना कपाट न्यायचं नव्हतं. न्यायची होती चाकांची खुर्ची, आणि खुर्चीतले प्रमोदराव. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांनी इस्पितळाखेरीज काही पाहिलं नव्हतं. रिक्षात खुर्ची मावत नसे, आणि खुर्चीवाचून उतरणार कुठे? हळूहळू त्यांनी बाहेर जायचं नावच टाकलं. आताशा ते खिडकीकडे पाठ करून बसत. नंदाताईंना धास्ती वाटे ती त्या पाठीची.

त्या दुपारी डोळा लागला तेव्हा गाडी नंदाताईंच्या स्वप्नात आली. लहानपणी गावात डॉक्टरांची काळी मोटार यायची. ती उभी राहिली की पोरं तिच्या पत्र्यावर तळवे टेकवून उभी राहत, पत्रा उन्हाने गाईच्या अंगासारखा ऊबदार झालेला असे. स्वप्नात विनीतची निळसर गाडी तशीच ऊबदार होती आणि आवाज न करता कातळाच्या सड्यावरून चालली होती. काचांमध्ये सगळं आभाळच आभाळ.

"दुसऱ्याची गाडी," बेत ऐकून प्रमोदराव म्हणाले. "तिच्यात कोण बसलं असेल, कोण रडलं असेल, काय ठाऊक? कौल घेतल्याशिवाय दुसऱ्याची वस्तू दारात नको."

"घेऊ या की कौल."

"देवळात जाणार कशी? खांद्यावर घेतेस मला?"

"मी सोडतो काका," विनीत दारातून म्हणाला. "देवाला गाडीपण दाखवू."

हातखंब्यापुढच्या त्यांच्या गावी देऊळ अजून कौलारूच होतं. बाबल्या गुरवाने देवाच्या काळ्या पाषाणावर पाणी शिंपडलं. एक कळा, म्हणजे फुलाची मिटली कळी, उजव्या खांद्याला चिकटवला, एक डाव्या. उजवा पडला तर घ्यायची, डावा पडला तर नाही. मग हात जोडून त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरं दारात आलीत, दुसऱ्याची गाडी घेऊ काय म्हणतात, काय ता सांग."

कळे हलेनात. सभामंडपाच्या गार फरशीवर प्रमोदरावांचा पाय आखडायला लागला, तसं विनीतने त्यांना बाहेर आणलं. अंगणात ऊन चढलेलं. त्याने गाडीचा मागचा दरवाजा वर केला, त्याच्या सावलीत उशी घातली आणि दोघांनी मिळून त्यांना काठावर बसवलं. ओटीवर बसावं तसे ते बसले. नंदाताई शेजारच्या दगडावर टेकल्या.

समोर उतारावर कुळथाचा पट्टा होता. काजूच्या मोहराचा वास वाऱ्यावर येत होता. खाली व्हाळाच्या पाण्याकाठी बगळे उभे होते, विसरून राहिल्यासारखे. नंदाताईंना वाटलं, आपण इथे फार पूर्वीपासून बसलोय, मधली सगळी वर्षं कोणीतरी सांगितलेली गोष्ट आहे.

बऱ्याच वेळाने प्रमोदरावांनी चांगला हात मागे नेऊन आतला गालिचा चाचपला.

"विनीत, मागच्या काचेला वायपर आहे काय रे?"

"आहे काका."

"बरं झालं. पावसात ह्या काचा धुरकट होतात." मग बायकोकडे वळून, "अगो, खुर्ची इकडे आडवी ठेवू. तुझ्या बहिणीकडून नारळ आणले तर ते तिकडे. आपल्या गाडीत नारळ गडगडता कामा नयेत."

आपल्या गाडीत. नंदाताईंनी श्वाससुद्धा जपून घेतला.

तेवढ्यात बाबल्या पायरीवर आला. "डावा दिलान," तो म्हणाला.

नंदाताईंना मांडवीची जागा आठवली. समुद्र दिसणारी, दोन माडांची. घ्यायची म्हणता म्हणता डाव्या कौलावर सोडलेली. त्यानंतर आजतागायत प्रमोदरावांनी तिचं नाव काढलं नव्हतं. डावा म्हणजे डावा. त्या उठल्या आणि खुर्ची जवळ ओढू लागल्या.

"थांब," प्रमोदराव म्हणाले. "बाबल्या, देवाला नेमकं काय विचारलंस तू?"

"तुमी सांगितलात तसाच. दुसऱ्याची गाडी घेऊ काय म्हणून."

"मग देवाचं बरोबर आहे. दुसऱ्याची गाडी आपण कशाला घ्यायची? आता असं विचार, आमची गाडी घरी नेऊ काय?"

बाबल्याने डोकं खाजवलं. "असा परत परत विचारतात काय, भाऊ? देव रागवायचा."

"परत कुठे? सवालच वेगळा आहे. जा, नवीन कळे लाव."

बाबल्या पुटपुटत आत गेला. पाणी शिंपडल्याचा आवाज आला. विनीतने ओठ चावून हसू आवरलं.

"काका, आणि पुन्हा डावा पडला तर?"

"मग उद्या विचारू," प्रमोदराव म्हणाले. "देव काय मुंबईला नाही जात."

नंदाताईंनी खुर्ची सोडून दिली. पदर सावरून त्या त्यांच्या शेजारी काठावर चढून बसल्या. पाय जमिनीला पोचत नव्हते.