शनिवारचं भाकीत

गिऱ्हाईक पाच वर्षांनी काय घेईल ते आज सांगायचं, हा माझा व्यवसाय. तीस वर्षं मुंबईत बसून मी मोठमोठ्या कंपन्यांना बाजाराचं भविष्य सांगितलं. त्यांनी ते जाड पुठ्ठ्यात बांधून कपाटात ठेवलं आणि आपल्या मनाला येईल तेच केलं. त्यामुळे माझं एकही भाकीत चुकलं नाही.

निवृत्त झाल्यावर लेकीकडे, सिल्वासाला टोकरखाड्यात राहायला आलो आणि माझं ऐकणारं पहिलं माणूस भेटलं.

झुंबरबाई धुळ्याकडची. माझा जावई अनिकेत राखोलीच्या ज्या कारखान्यात मॅनेजर आहे, त्याच्या फाटकासमोर तिचं सुट्या मालाचं दुकान होतं. चहापत्ती, मसूर, तेल, सगळं एका दिवसापुरतं तोलून देणार. अनिकेतनं माझी ओळख करून देताना धंदाही सांगितला. ती म्हणाली, माझ्या दुकानाचंही पुढचं सांगा की, भाऊ. इतक्या आदरानं मला कोणी विचारलं नव्हतं. शनिवारी येतो म्हणालो, कारण शनिवारी अनिकेतला सुट्टी आणि गाडी मोकळी.

सकाळी नऊपासून दोनपर्यंत वही घेऊन मी तिच्या स्टुलावर बसलो. सहा गिऱ्हाइकं आली. चौघांनी बिस्किटाचा पुडा घेतला, एकानं पत्ता विचारला, सहावा मीच. मी वही मिटली आणि सांगितलं की सुट्याचा जमाना संपला. दोन वर्षांत तोललेलं कोणी मागणार नाही.

आठ दिवसांत तिनं तराजू आणि डबे समोरच्या दुकानदाराला, कारभारीला, देऊन टाकले. दुकानात पाकिटांच्या माळा लागल्या. ओट्ससुद्धा. मी जाऊन कौतुक करून आलो.

तीन महिन्यांनी एका मंगळवारी अनिकेत डबा विसरला. तो द्यायला मी दुपारी दोनला फाटकाशी पोचलो आणि पाळी सुटली. चारपाचशे माणसं बाहेर पडली आणि थेट कारभारीकडे गेली. मी त्यांतल्या एकाला, लखनला, विचारलं की सुटं का घेता आणि शनिवारी ही गर्दी कुठे होती. तो म्हणाला की एका खोलीत सहा जण, दर महिन्याला कोणीतरी गावी जातो. अख्खं पाकीट कोण घेणार? आणि काका, शनिवारी तर कंपनी बंद असते.

जावयाला शनिवारी सुट्टी असते हे मला ठाऊक होतं. ती सुट्टी कारखान्याला असते म्हणून त्याला असते, एवढा अभ्यास झाला नव्हता.

झुंबरबाई ओट्सवरची धूळ झटकत होती. मला पाहून तिनं स्टूल पुढे केलं. म्हणाली, तुमचं बरोबरच होतं भाऊ, मलाच नवं दुकान चालवता येईना. पुढच्या महिन्यात गाळा सोडून गावी जाते. मी मान हलवली आणि निघून आलो. होय, निघून आलो.

रात्री वही काढून बसलो. चुकीला आमच्या धंद्यात चांगली चांगली नावं आहेत. एकेक आठवून पाहिलं, एकही तिच्यासमोर उच्चारण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेलो आणि उभ्यानंच सांगितलं, "बाई, चूक माझी आहे. मी शनिवारी मोजलं."

तिनं हातातलं ओट्सचं पाकीट खाली ठेवलं.

"शनवारी तं मी दुकान उघडतच नाही, भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही येनार म्हनून उघडलं होतं."

मग मी बसलो.

कारभारीकडे तराजू मागायला मीच गेलो. त्यानं दिला. वर विचारलं, माझ्या दुकानाचं भविष्य काय? म्हटलं, मला माहीत नाही. तीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच तोंडातून निघालं.

झुंबरबाईनं गाळा सोडायचं लांबवलं. मला म्हणाली, "सोमवारी दोनला या. मोजायला नको, पुड्या बांधायला."

गेलो. पहिल्याच दिवशी माझ्या तीन पुड्या सुटल्या. पाळी सुटल्यावर लखन आला. पुन्हा सुटं कसं काय ठेवलं, मधे काय झालं होतं, असं त्यानं तिला विचारलं.

"मलाच हौस आली होती पाकिटांची," झुंबरबाई म्हणाली आणि माझ्याकडे न बघता मसूर तोलू लागली.

मी खाली मान घालून चौथी पुडी बांधायला घेतली.