मार्गदर्शन केंद्रातलं गाऱ्हाणं

पेडण्याचे शांताराम पोसरकार देवाला विचारल्याशिवाय काही करत नसत. विहीर कुठे खणायची, दुकानाला रंग कोणता द्यायचा, सगळं देवाला विचारून. ओल्या पाकळ्या मूर्तीला लावायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डावी पडली तर दुसऱ्या देवळात जायचं. फ्रीज घेताना तीन देवळं झाली होती. कोकणी की मराठी म्हणून गोवाभर डोकी फुटत होती त्या वर्षी कोणीतरी तेही विचारून पाहिलं, तर दुपारपर्यंत एकही पाकळी पडली नाही. देवालाही शेजाऱ्यांत राहायचं असतं, असं गुरव म्हणाला.

त्यांची धाकटी सुमंगला म्हापशाच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी इंग्रजीत आणि अर्थशास्त्रात आडवी झाली. शाळा सगळी मराठीतून, आणि कॉलेजात अर्थशास्त्रही इंग्रजीतून. फळ्यावर सर जे लिहीत ते ती रांगोळीसारखं उतरवून घ्यायची. शांतारामआप्पांनी देवापुढे विचारलं, पोरीला पुढे शिकवू का? पाकळी डावी पडली. डिचोलीचं एक स्थळ आलंच होतं. आईने ट्रंकेतली शेला-पैठणी उन्हात घातली.

सुमंगलाला ते लग्न नको होतं आणि कॉलेज सोडायचं नव्हतं. देवाशी भांडून उपयोग नव्हता, पण घरची रीत तिला पाठ होती. "आप्पा, डावी पडली तर आपण दुसरीकडे विचारतो ना?" ती म्हणाली. "म्हापशाला एक बाई बसतात. मुलं अडचणी घेऊन त्यांच्याकडे जातात."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. कॉलेजने त्या वर्षी विद्यार्थी मार्गदर्शन केंद्र काढलं होतं. म्हणजे खेळाच्या सामानाची खोली रिकामी करून तिथे एक टेबल, एक पंखा आणि क्षमा टीचर ठेवल्या होत्या. टीचर मुंबईला कसलासा कोर्स करून आल्या होत्या आणि काहीही सांगितलं की एवढंच विचारायच्या, तुला काय वाटतं? मुलं वैतागून जायची. सुमंगला जायची ती पंख्यासाठी. पण मागे पडलेल्यांसाठी दर शनिवारी इंग्रजीचा जादा वर्ग सुरू होणार, हे तिला तिथेच कळलं होतं.

बाई कोणत्या देवीच्या, हे आप्पांनी विचारलं नाही. सुमंगलाने सांगितलंही नाही.

सोमवारी आप्पा धुवट धोतर नेसून, नारळ आणि केळी घेऊन केंद्रात आले. टेबल बघून जरा थबकले, पण हल्ली देवळांतसुद्धा टेबलं असतात. त्यांनी नारळ फायलींवर ठेवला, टोपी सारखी केली आणि हात जोडून खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बाय माझे, आज ह्यो शांताराम तुझ्या दारात इलो हा. चेडू नापास झाला हा. तेका पुढे शिकवचा काय घरी बसवचा, ता तू सांग. जा काय वाईट आसात ता दूर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," दारातून शिपाई सगूण म्हणाला. तोही पेडण्याचाच. सवयीने तोंडातून गेलं, मग त्याने जीभ चावली.

टीचर घाबरल्या, पण कोर्स विसरल्या नाहीत. "तुम्हाला काय वाटतं?"

"माका कळला असता तर नारळ घेवन कित्याक इलो असतंय?"

टीचर थांबल्या. आप्पाही थांबले. देव गप्प असतो तेव्हा निदान पाकळीकडे बघत बसता येतं. इथे बघायला काहीच नव्हतं, आणि बाई डोळे मिटायलाही तयार नव्हत्या. शेवटी आप्पाच बोलायला लागले. आधी स्थळाबद्दल, मग दुकानाबद्दल, आणि मग, सुमंगलाकडे न बघता, पोर्तुगिजांच्या शाळेबद्दल. त्यांना लहानपणी तिथे घातलं होतं. मास्तर काय म्हणतात ते वर्षभर कळलं नाही. पोटात दुखतं म्हणून ते घरी बसले ते कायमचे. आजोबांनी दुकानासाठी शाळा सोडायला लावली, असं घरात सगळे ऐकत आले होते, ती थाप होती.

"कळत नाय, असा कोणाक सांगतलंय?" ते म्हणाले. "सगळे हसले असते."

सुमंगलाने मान खाली घातली. वर्षभर तिनेही कोणाला सांगितलं नव्हतं.

"आणि हिला नाही कळलं तर?" टीचरनी विचारलं.

आप्पांनी पोरीकडे पाहिलं. "तर तिणां विचारूचा," ते म्हणाले. "पण सांगतला कोण?"

तेव्हा टीचरनी शनिवारच्या वर्गाचं सांगितलं. आयुष्यात प्रथमच बहुधा त्यांनी कोणाला सरळ उत्तर दिलं असेल.

परतीच्या बसमध्ये आप्पा कोलवाळपर्यंत धुमसत होते. असला देव जन्मात बघितला नव्हता. सगळं मलाच बोलायला लावलं, आणि केळी ठेवून घेतली. सुमंगला खिडकीबाहेर बघत बसली. हसली असती तर सगळंच फिसकटलं असतं.

घरी आई अंगणातच उभी होती. बाई काय म्हणाल्या, तिने विचारलं.

"काय म्हणतली? काय्येक म्हणूक नाय," आप्पा पायांवर पाणी घेत म्हणाले. मग तांब्या खाली ठेवला. "शनवारी हिचा जेवाण झाकून ठेव. येवक उशीर जातलो."