निळी फुले: अकरा नोंदी

वनस्पतिसंग्रहाच्या नोंदणीबाईंना सतरा नंबरचं कपाट तोंडपाठ होतं. त्यात एकाच रानझुडपाचे त्रेपन्न जाड कागद. प्रत्येकावर एक वाळवलेली फांदी आणि कोपऱ्यात चिठ्ठी: कुठे मिळालं, कधी, फुलांचा रंग कोणता. वाळल्यावर फूल चहाच्या चोथ्यासारखं दिसतं, त्यामुळे रंगाच्या बाबतीत चिठ्ठी म्हणेल ते खरं.

बेचाळीस चिठ्ठ्या म्हणत, फुले गुलाबी. अकरा म्हणत, निळी. अकराही संग्रहाच्या जुन्या प्रमुखांच्या, म्हणजे सरांच्या, हातच्या. त्यांच्या जोरावर निळी पोटजात वेगळी ठरली आणि तिला सरांचं नाव मिळालं. पुढे तीनदा माणसं सरांच्या टेकडीवर, सरांनी सांगितलेल्या खडकापाशी जाऊन आली. गुलाबी झुडपं उदंड, निळं औषधालाही नाही. शेवटी यादीत ‘लुप्त’ असा शिक्का बसला. सर दोन दिवस जेवले नव्हते म्हणे.

आता सगळ्या नोंदी संगणकात चढवायच्या होत्या. आपले अकरा कागद तपासायला निवृत्त सर पत्नीला, काकूंना, घेऊन आले.

“हिला निळा रंग खुलतो की नाही?” सर काकूंच्या स्वेटरकडे बघत म्हणाले. “मीच आणलाय.”

स्वेटर धडधडीत गुलाबी होता.

सर हात धुवायला गेले, तशा बाई हळूच म्हणाल्या, “काकू, हा...”

“गुलाबी आहे, ठाऊक आहे. लग्नापासून हेच चाललंय. इतक्या हौसेनं आणतात, वाद कशाला घालायचा?”

“पण हे अकरा कागद!”

काकूंनी वरच्या कागदावरची चिठ्ठी वाचली: ‘फुले निळी.’ “अगं बाई! मला वाटलं, हे घरापुरतंच आहे.” मग आवाज खाली आणून, “तू गप्प राहा. पंच्याऐंशीचे आहेत. नावावर एवढं एकच काय ते आहे त्यांच्या.”

“मग नोंदीखाली सही मी कशी करू, काकू?”

सर आले. बाईंनी मान खाली घालून, आवाज न चढवता, सगळं सांगून टाकलं.

सरांनी अकराही चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. मग काकूंकडे वळले. “हा कुठला रंग?”

“गुलाबी.”

“याच्या आधीचा?”

“तोही.”

“आणि पडदे?”

“पडदे मी आणलेत.”

“बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

आता सर चिडणार, म्हणून बाईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. सरांनी विचारलं, “त्या खडकापाशी मग काय आहे आता?”

“तेच, सर. यंदाही फुललंय.”

“म्हणजे मेलं नाही ते.”

“नाही, सर.”

सरांनी खिशातलं पेन काढलं.

संग्रहात जुनी चिठ्ठी खोडायची नसते. चुकीची असली तरी तिला तसंच ठेवून शेजारी नवी डकवायची. सर लिहीत गेले, ‘फुले गुलाबी. वेगळी पोटजात नाही,’ आणि खाली सही. बाई डिंक लावत होत्या, काकू अंगठ्यानं दाबत होत्या. अकराव्या चिठ्ठीवर सरांनी एक ओळ जास्त लिहिली: ‘झुडूप ठणठणीत आहे.’

“सर, नोंदीत असं लिहीत नाहीत,” बाई म्हणाल्या.

“चिकटव,” सर म्हणाले.